प्रकल्प नोंदी: ‘डिस्कॉर्ड’ या एका शब्दाचं पान

५ जून, रात्री

पुढचं पान कुठल्या शब्दाचं यावर तिघांनी मतं टाकली आणि डिस्कॉर्ड निघाला. कारण उघड आहे, आज बहुतेकांना डिस्कॉर्ड म्हणजे गप्पा मारायचं अॅप एवढंच माहितीये, ते अॅप आलं २०१५ साली, आणि त्याच्या आधी जवळपास आठशे वर्षं हा शब्द इंग्रजीत भांडण, बेबनाव, सूर न जुळणं या अर्थाने सुखाने नांदत होता हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. (भांडणाचा शब्द आणि ‘सुखाने नांदत’. लिहून झाल्यावर लक्षात आलं. राहू दे.)

पानाचा साचा नेहमीचाच: उच्चार, अर्थ, मूळ, नातेवाईक शब्द, मराठीत काय म्हणायचं, एक चित्र. माझा अंदाज एका संध्याकाळचा. खरं तर दहा मिनिटांत कच्चं लिहूनही झालं:

“डिस म्हणजे वेगळं, कॉर्ड म्हणजे तार किंवा दोरी. तारा जुळल्या नाहीत की बेसूर वाजतं, म्हणून डिस्कॉर्ड. पुढे हाच अर्थ माणसांच्या भांडणाला लागू झाला.”

मराठीत ‘तारा जुळणे’ तयारच आहे, त्यामुळे हे इतकं चपखल बसलं की तपासायचं डोक्यातच आलं नाही. चित्रवालीला निरोप टाकला, तुटलेली तार, मागे काळं, बाकी काही नको. मजकूर तपासणाऱ्या ताईंना तो पाठवला आणि झोपलो.

६ जून

ताईंनी परत पाठवलं. शेरा एक ओळीचा: “कॉर्ड कुठली रे? इंग्रजी स्पेलिंग लिहून बघ आधी.”

लिहून बघितलं. झालं. इंग्रजीत कॉर्ड दोन आहेत, एक एच नसलेली, म्हणजे दोरी, आणि एक एच असलेली, म्हणजे तीन-चार सूर एकत्र वाजवतात ती. देवनागरीत दोन्ही कॉर्डच, त्यामुळे मी दोन्ही एकाच हंड्यात ढवळल्या होत्या. आणि गंमत म्हणजे डिस्कॉर्डमधली कॉर्ड या दोन्हीतली नाहीच.

मूळ असं: लॅटिनमध्ये ‘दिस्कॉर्दिया’ म्हणजे कलह. तो ‘दिस्कॉर्स’ या विशेषणावरून आलाय, ‘दिस’ म्हणजे दूर, अलग, आणि ‘कोर’ म्हणजे हृदय. अलग झालेली हृदयं. बास, एवढंच आहे ते. मग कोरमध्ये ड कुठून आला? तर लॅटिनमध्ये आपल्यासारखीच नामाला सामान्यरूपाची भानगड आहे. आपण भाऊ म्हणतो पण ‘भाऊचा’ न म्हणता ‘भावाचा’ म्हणतो, तसं तिकडे एकटं असताना ‘कोर’ आणि ‘हृदयाचं’ म्हणायचं तर ‘कॉर्दिस’. तो लपलेला द शब्द जोडताना बाहेर येतो. इंग्रजीने जे काही उचललं ते या द सकट उचललं.

प्रवास लॅटिन ते जुनी फ्रेंच (तिथे देस्कॉर्द आणि दिस्कॉर्द दोन्ही चालायचे) ते इंग्रजी. १०६६ नंतर इंग्लंडात फ्रेंच बोलणारे राज्यकर्ते आले आणि असे शेकडो शब्द मागोमाग आले, त्यातलाच हा, १३ व्या शतकातला. आणि आला तो वैर, कलह, दोन माणसांचं न पटणं याच अर्थाने. सुरांच्या बाबतीत तो वापरायला लागले १४ व्या शतकाच्या शेवटी.

म्हणजे माझं पहिलं वाक्य तर चुकलंच होतं पण तिसरं त्याहून जास्त चुकलं होतं. मी लिहिलं होतं सूर आधी बिघडले, मग माणसं. प्रत्यक्षात माणसं आधी भांडली आणि सूर दीडेकशे वर्षांनी. आपण ‘त्यांचे सूर जुळत नाहीत’ म्हणतो तेव्हा संगीतातलं उचलून माणसांना लावतो, इंग्रजीने माणसांचं उचलून सुरांना लावलं. ताईंना लिहिलं, “ताई, सपशेल उताणा पडलो.” त्यांचं उत्तर, “पडलास ते बरं झालं, आता उठून चित्रवालीला सांग.”

सांगितलं नाही अजून. उद्या.

७ जून

नातेवाईक शब्दांचा रकाना. आमचा कोडवाला भिडू म्हणतो हे काम मशीनवर सोड, त्याने एक छोटी स्क्रिप्ट केलीये, शब्दात सारखा तुकडा दिसला की एका खानदानात टाकते. चालवली. कॉर्ड तुकड्यावर हे सगळे एका ओळीत बसले: कॉन्कॉर्ड, अकॉर्ड, रेकॉर्ड, कॉर्डियल, कॉर्डन, कॉर्डलेस, अकॉर्डियन.

अर्धे सख्खे, अर्धे नुसते आडनावबंधू.

सख्खे असे. कॉन्कॉर्ड म्हणजे हृदयं एकत्र, डिस्कॉर्डचा थेट उलटा. अकॉर्ड म्हणजे हृदयाकडे हृदय नेणं, म्हणून करार, सहमती. कॉर्डियल म्हणजे मनापासूनचं, आणि पूर्वी काळजाला तरतरी देणाऱ्या औषधी पेयालाही कॉर्डियल म्हणायचे. करेज, म्हणजे धैर्य, यात कॉर्ड दिसत नाही म्हणून स्क्रिप्टला सापडलाच नाही, पण तोही याच घरातला, फ्रेंचमधून आलेला. आणि सगळ्यात भारी रेकॉर्ड. रे म्हणजे परत, कॉर्ड म्हणजे हृदय, परत हृदयात आणणं, आठवणं. जुन्या रोमन लोकांच्या लेखी स्मरणशक्तीची जागा हृदय, म्हणून इंग्रजीत आजही पाठ करायला ‘हृदयाने शिकणं’ म्हणतात. आपली आठवण मात्र कंठात आणि मुखात असते, कंठस्थ, मुखोद्गत. पाठ करणं आलं पठणातून, म्हणजे तेही तोंडाचंच काम.

सख्खे नसलेले: कॉर्डन, कॉर्डलेस. हे दोरीवाले. दोरीवाली कॉर्ड ग्रीक ‘खोर्दे’वरून, आणि खोर्दे म्हणजे मूळात आतडं. वाद्याच्या तारा आतड्याच्या करायचे म्हणून आतडं ते तार ते दोरी. म्हणजे एक कॉर्ड काळजाची आणि एक आतड्याची! मराठी माणसाला यात वावगं काही वाटणार नाही म्हणा, आपलं प्रेम तसंही आतड्यातच असतं, आतडं तुटतं, आतडं पिळवटतं.

आता एच असलेली संगीतातली कॉर्ड. ही सगळ्यात लबाड निघाली. तो शब्द मूळात अकॉर्डचा डोकं उडालेला तुकडा आहे, जुळलेले सूर या अर्थाने, आणि सुरुवातीला त्यात एच नव्हताच. साधारण १६०० च्या सुमाराला शिकलेल्या लोकांना वाटलं की संगीत आहे म्हणजे ग्रीक तारेवरूनच आलं असणार आणि त्यांनी एच घुसवला. म्हणजे मी ५ तारखेला जी चूक केली तीच चूक चारशे वर्षांपूर्वी अख्ख्या इंग्रजीने केली आणि ती स्पेलिंगमध्ये कायमची बसली. हे वाचल्यापासून मला जरा बरं वाटतंय.

भूमितीतली कॉर्ड, आपण जिला जीवा म्हणतो, ती मात्र खरोखर तारेवरूनच. जीवा म्हणजेही धनुष्याची दोरी, त्यामुळे तिथे दोन्ही भाषांचं पटलं.

अकॉर्डियन हे वाद्य १८२९ साली व्हिएन्नात सिरिल डेमियानने पेटंट केलं, जर्मन ‘अकोर्ड’वरून नाव, एक बटण दाबलं की पूर्ण कॉर्ड वाजायची म्हणून. म्हणजे तोही फिरून हृदयाकडेच.

स्क्रिप्टचा निकाल भिडूला कळवला. तो म्हणाला, “मग करेज कसा पकडायचा रे?” मी म्हटलं हाताने. तो नाराज आहे.

९ जून

चित्रवालीला सांगितलं. तिने तार काढून पूर्ण केली होती, तुटल्यावर टोक कसं वळतं ते बघायला तिने तीन व्हिडिओ पाहिले होते म्हणे. पाच मिनिटं ती काहीच टाईप करत नव्हती, मग एक ओळ आली: “मग आता काय, तुटलेलं हृदय काढू?” तेच नको होतं. तुटलेलं हृदय म्हणजे प्रेमभंग, एका माणसाचं दुःख. डिस्कॉर्डमध्ये हृदय अख्खं आहे, फक्त दोन आहेत आणि ती एकमेकांपासून लांब गेलीत. तिने दोन हृदयं पाठ फिरवून बसलेली काढली तर ते स्टिकरसारखं दिसायला लागलं.

चित्र लटकलं. पुढे.

१० जून

आज फक्त ‘कोर’च्या मागे लागलो आणि दिवस गेला, पण असा दिवस सारखा सारखा येत नाही.

लॅटिन कोर, ग्रीक कार्दिया (कार्डिअॅक, कार्डिओ तिथले), इंग्रजी हार्ट, संस्कृत हृद्. सगळे एकाच मूळ शब्दाचे. इंग्रजी हार्ट बघितला की कोरशी काही संबंध वाटत नाही, पण जर्मन घराण्यातल्या भाषांत जुन्या क चा ह झाला आणि द चा ट, हे ग्रिमने १८२२ साली नियम म्हणून मांडलं (हो, परीकथा गोळा करणाऱ्या भावांपैकी थोरला), त्याप्रमाणे कर्द चा हर्ट. म्हणजे इंग्रजी माणसाच्या तोंडात हे हृदय दोनदा आलंय, एकदा घरचं हार्ट म्हणून आणि एकदा फ्रेंचांकडून आलेलं कॉर्ड म्हणून, आणि त्याला पत्ता नाही.

संस्कृतची गोष्ट जरा वाकडी आहे. नियमाने बघितलं तर लॅटिनच्या या क जागी संस्कृतात श यायला हवा, शंभरला लॅटिनमध्ये केंतुम आणि आपल्याकडे शतम् तसा. पण हृद् मध्ये आला ह. मग श गेला कुठे? तो सापडतो श्रद्धा या शब्दात. श्रत् म्हणजे हृदय आणि धा म्हणजे ठेवणं, ज्यावर हृदय ठेवलं ती श्रद्धा. आणि तिचा लॅटिनमधला जुळा भाऊ ‘क्रेदो’, माझा विश्वास आहे, ज्याच्यावरून इंग्रजीत क्रेडिट आला. उधारीचा क्रेडिट आणि श्रद्धा एकाच गर्भातले! आणि डिस्कॉर्ड त्यांचा चुलतभाऊ.

फारसीत याच हृद् चा झाला दिल. जुन्या इराणी भाषांत ह च्या जागी ज-झ सारखा आवाज होता, तो पुढे द झाला. म्हणजे ‘दिल’ आणि ‘हृदय’ एकच शब्द, एक सरळ वाटेने आलेला आणि एक इराणला वळसा घालून. आणि मराठीत प्राकृतातून घरंगळत आलेला तिसरा, हिय्या. हिय्या करणे म्हणजे धाडस करणे. करेज शब्दाने लॅटिनमधून फ्रेंचमध्ये येताना हृदय ते धैर्य असा जो रस्ता धरला तोच हिय्याने इथे धरला, एकमेकांना न विचारता.

मग शोध सुरू केला की संस्कृतात डिस्कॉर्डसारखी रचना आहे का, हृदयाला उपसर्ग लावून भांडण. आहे, आणि पाणिनीने त्यासाठी सूत्रच करून ठेवलंय, पाचव्या अध्यायात, ५.४.१५०, ‘सुहृद्दुर्हृदौ मित्रामित्रयोः’. सुहृद् म्हणजे मित्र, दुर्हृद् म्हणजे शत्रू. सुहृद आपण पत्रिकेत अजून वापरतो, दुर्हृद कुठे हरवला कुणास ठाऊक, तो असता तर आज माझं काम अर्धं झालं असतं. आणि कॉन्कॉर्डला जोड म्हणजे सहृदय. अथर्ववेदाच्या तिसऱ्या कांडातलं तिसावं सूक्त ‘सहृदयं सांमनस्यम्’ नेच सुरू होतं, घरातल्या माणसांचं एकमेकांशी पटावं म्हणून आहे ते सूक्त. तिथे सहृदयचा अर्थ ‘एका हृदयाचे’. आज सहृदय म्हणजे कनवाळू झालाय, म्हणजे शब्द दोघांमधून निघून एकाच माणसात जाऊन बसला.

ताईंना रात्री साडेअकराला फोन केला, दुर्हृद सापडला म्हणून. त्या म्हणाल्या “छान, झोप आता.”

१२ जून

मराठीत काय म्हणायचं. मला हा सगळ्यात सोपा रकाना वाटला होता.

यादी केली तर लक्षात आलं की आपल्याकडे न पटण्याच्या शब्दांची काही ददात नाही. भांडण, तंटा, कलह, बखेडा, बेबनाव, तेढ, वितुष्ट, दुही, फूट, दुरावा, विसंवाद, धुसफूस, कुरबुर, भाऊबंदकी, यादवी. यादवीत तर अख्खं एक कुळ आपसात लढून संपलं ते शब्दात शिल्लक राहिलंय. प्रश्न हा की यातला डिस्कॉर्ड कोणता.

भांडण नाही. भांडण ही घटना असते, काल संध्याकाळी झालं आणि रात्री मिटलं. डिस्कॉर्ड ही हवा असते, आज कुणी आवाज चढवला नसेल तरी घरात असते. तंटा, बखेडा त्याच कारणाने बाद. धुसफूस जवळ आहे पण लहान आहे, आतल्या आत धुमसणारी, आणि डिस्कॉर्ड उघडाही असू शकतो. भाऊबंदकी नात्यातली, यादवी लढाईची, दोन्ही फार ठरावीक. कलह बरोबर आहे पण गृहकलह सोडला तर बोलताना कोण म्हणतं? वितुष्ट दोघांत येतं, ‘त्या दोघांत वितुष्ट आलं’, पन्नास माणसांच्या संघटनेत वितुष्ट म्हटलं की कानाला खटकतं. तिथे बेबनाव किंवा दुही. इंग्रजीत डिस्कॉर्ड ‘पेरतात’, आपण दुही माजवतो, फूट पाडतो, कळ लावतो.

बेबनावकडे जरा थांबलो. ‘बे’ फारसी आणि ‘बनाव’ इकडचा, दोन भाषांची कलमं करून केलेला शब्द. आणि इंग्रजीत डिस्कॉर्डला जो सरळ प्रतिशब्द देतात, डिसहार्मनी, तोही अगदी असाच, ‘डिस’ लॅटिन आणि ‘हार्मनी’ ग्रीक. न जुळणं सांगायला दोन न जुळणाऱ्या भाषा जुळवल्या. हार्मनी म्हणजे मूळात सुतारकामातला सांधा, होमरच्या काव्यात ओडिसिअस तराफा बांधतो तिथे लाकडांच्या सांध्यांना हाच शब्द आहे. म्हणजे डिसहार्मनी म्हणजे सांधा निखळणं आणि डिस्कॉर्ड म्हणजे हृदयं लांब जाणं. डिसोनन्स म्हणजे आवाज वेगळे पडणं, आणि कॅकोफनी म्हणजे सरळ वाईट आवाज, गोंगाट. चार शब्द आणि चार वेगळ्या जागा बिघडलेल्या, सांधा, काळीज, ध्वनी, कान. डिक्शनरीत मात्र चौघांना एकमेकांचा अर्थ म्हणून देतात आणि मोकळे होतात, ते मला पटत नाही.

विसंवाद. हा माझा लाडका होता. वि, सम्, वाद. बोलणं जुळेनासं होणं. शिवाय हा संगीतातही चालतो, भरताच्या नाट्यशास्त्रात वादी, संवादी, अनुवादी, विवादी असे चार प्रकारचे स्वर आहेत, नऊ किंवा तेरा श्रुतींच्या (श्रुती म्हणजे सुरांमधलं बारीक अंतर) अंतरावरचे दोन स्वर एकमेकांचे संवादी. म्हणजे माणसं आणि सूर दोन्हीकडे लागणारा शब्द आयताच मिळतोय. ताईंचं म्हणणं, “बरोबर आहे पण विसंवाद म्हणजे आपल्याकडे न बोलणं झालंय हल्ली, कम्युनिकेशन गॅप. माणसं भरपूर बोलत असतात तरी डिस्कॉर्ड असतो.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग त्याच म्हणाल्या, “तू उलटं टोक बघ ना, कॉन्कॉर्डला काय म्हणशील?” आणि माझ्या तोंडून निघालं, एकदिलाने. एकदिल! दिल म्हणजे हृद् म्हणजे कोर. कॉन्कॉर्डचा शब्दशः मराठी जोडीदार आपण रोज वापरतो, ‘सगळे एकदिलाने कामाला लागले’. फक्त त्याचा उलटा आपल्याकडे दिलात नाही, मनात आहे. मनं दुरावली, मनं दुभंगली. मनं जुळतात, मनं मिळतात, माणूस मनमिळाऊ असतो, हे सगळं खातं मराठीने हृदयाकडून काढून मनाकडे दिलंय, आणि हृदयाला ठेवलं ते ऑपरेशन आणि कविता.

ठरलं. माणसांसाठी पहिला अर्थ बेबनाव, दुही. सुरांसाठी बेसूरपणा, विसंवाद. आणि मूळ समजावताना ‘मनं दुरावणं’.

१४ जून

सुरांचा अर्थ लिहायचा तर ऐकून लिहावा म्हणून ब्राउझरमध्ये दोन टॅब उघडले, दोन्हीत टोन जनरेटर, हेडफोन घातले.

पहिला टॅब ४४० हर्ट्झ, दुसरा ४४३. आवाज एकच, पण तो सेकंदाला तीनदा फुगतो आणि ओसरतो, व्वा-व्वा-व्वा. फरक तीनचा म्हणून तीन. दुसरा वाढवत नेला, ४४५, ४५०, फुगे भरभर, आणि ४७० ला ते मोजता येईनासे होऊन नुसती खरखर, डबीत भुंगा कोंडल्यासारखी. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८६३ साली हेच म्हटलं होतं की कानाला जे बोचतं ते या भरभर फुगण्याचं बोचतं, सेकंदाला तीस-पस्तीसच्या आसपास सगळ्यात जास्त. ६६० केलं, म्हणजे तीनास दोन, आपला सा-प, एकदम गुळगुळीत.

मग ज्याच्यासाठी बसलो होतो ते, ट्रायटोन, म्हणजे तीन पूर्ण सुरांचं अंतर, युरोपात ज्याला ‘संगीतातला सैतान’ म्हणायचे. ४४० आणि ६२२. लावलं आणि... काहीच नाही. बरं वाटलं असं नाही, पण बोचलंही नाही. दहा मिनिटं मी कानाला दोष देत होतो. शेवटी लक्षात आलं की जनरेटर साइन वेव्हवर आहे, त्यात एकच कंपन असतं, सोबतीचे वरचे स्वर नसतात, आणि दोन नुसती कंपनं एकमेकांपासून पुरेशी लांब असली की कान त्यांना वेगळंच धरतो, खरखर होत नाही. १९६५ साली प्लॉम्प आणि लेव्हेल्ट यांनी हे नीट मोजून दाखवलं. दोन्ही टॅब सॉटूथ वेव्हवर टाकले, तिच्यात हे वरचे स्वर असतात. आता ४४० चा तिप्पट १३२० आणि ६२२ चा दुप्पट १२४४ हे एकमेकांना घासायला लागले, आणि सैतान हजर. ६६० ला मात्र तिप्पट आणि दुप्पट दोन्ही १३२० वरच येतात, भांडायला जागाच नाही.

म्हणजे मूळ सूर भांडत नाहीत, त्यांचे वरचे गणगोत भांडतात. हे वाक्य पानात टाकायचा फार मोह झाला, ताई कापतील. टाकलंय, बघू.

बेसूर आणि डिस्कॉर्ड यातला फरकही इथे कळला. बेसूर माणूस एकटा गाऊनही बेसूर असतो, सूर जागेवरून घसरला की झालं. डिस्कॉर्डला दोन लागतात, आणि दोन्ही आपापल्या जागी अचूक असू शकतात. त्यामुळे १२ तारखेचा ‘बेसूरपणा’ काढला, नुसता विसंवाद ठेवला. शिवाय पाश्चात्त्य संगीतात हा विसंवाद दोष नसतोच नेहमी, तो मुद्दाम आणतात आणि मग सोडवतात, कान जरा अस्वस्थ झाला की जुळणारी कॉर्ड जास्त गोड लागते.

१५ जून

वाक्प्रचार: अॅपल ऑफ डिस्कॉर्ड. ग्रीक कथा. पेलिअस आणि थेटिसच्या लग्नाला सगळ्या देवांना आमंत्रण, एकटी एरिस सोडून, कारण ती कलहाची देवी, तिला लग्नात कोण बोलावणार. तिने ‘सर्वांत सुंदर असेल तिला’ असं लिहिलेलं सोन्याचं सफरचंद मांडवात टाकलं. हेरा, अथीना, अॅफ्रोडाइटी तिघींनी हक्क सांगितला, निवाडा ट्रॉयचा राजपुत्र पॅरिसकडे, त्याने अॅफ्रोडाइटीला दिलं, बदल्यात तिने ग्रीक राजाची बायको हेलन देऊ केली आणि ट्रॉयचं युद्ध. रोमन लोकांनी एरिसचं नाव ठेवलं दिस्कॉर्दिया, तिथून हा वाक्प्रचार. आपला कळीचा नारद आठवला, पण नारद निदान आमंत्रण असो नसो येतोच, रुसून बसत नाही.

ग्रीक कवी हेसिअडने एरिस दोन सांगितल्यात. एक युद्ध लावणारी, आणि दुसरी चांगली, शेजाऱ्याचं शेत बघून आळशी माणसाला नांगर धरायला लावणारी. आणि रोमन कवी होरेसने ‘कॉन्कॉर्दिया दिस्कॉर्स’ असे दोन्ही शब्द एकमेकांना बांधून टाकले, न जुळणाऱ्यांची जुळणी.

शेवटची भर, २००५ साली प्लूटोपलीकडे एक गोळा सापडल्याचं जाहीर झालं, साधारण प्लूटोएवढाच, आणि मग हा ग्रह म्हणायचा की प्लूटोलाच ग्रह म्हणायचं नाही यावर खगोलशास्त्रज्ञांत जुंपली. ऑगस्ट २००६ मध्ये प्लूटो यादीतून गेला आणि सप्टेंबरात त्या गोळ्याचं नाव ठेवलं एरिस. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी लागेल.

१७ जून

कॉन्कॉर्ड विमानाचं एक टिपण टाकतोय, लहानच. १९६२ साली ब्रिटन आणि फ्रान्सने मिळून बनवायचं ठरवलं, नाव ‘एकदिल’, आणि भांडले कशावर तर नावाच्या शेवटी फ्रेंच पद्धतीने ई लावायचा की नाही यावर. ब्रिटिश पंतप्रधान मॅकमिलननी फ्रेंचांवर रुसून ई काढला, १९६७ साली मंत्री टोनी बेन यांनी तूलूझमध्ये तो परत लावला. ताईंनी विचारलं, हे पानात कशाला? मी म्हटलं, याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही. राहिलं.

१८ जून

उच्चार रेकॉर्ड केला. दोनदा करावा लागला, कारण नाम असेल तर जोर डिसवर आणि क्रियापद असेल तर कॉर्डवर, रेकॉर्डचंही असंच आहे. क्रियापद आज फारसं कुणी वापरत नाही पण फाईल असू दे.

शास्त्रातले अर्थही जोडले, पटकन. भूगर्भात शिलारस खडकाचे थर आडवे छेदत घुसला की ती घुसखोरी डिस्कॉर्डंट, थरांच्या मधून त्यांच्याच दिशेने पसरला तर कॉन्कॉर्डंट. किनाऱ्याचंही तसंच, खडकांचे पट्टे समुद्राला काटकोनात असले की डिस्कॉर्डंट किनारा, मऊ खडक झिजून उपसागर आणि कठीण खडकाची टोकं बाहेर. जुळ्यांपैकी एकाला आजार आणि दुसऱ्याला नाही तर ती जोडी त्या आजारापुरती डिस्कॉर्डंट. इथे भांडण कुणाचंच नाही, नुसतं न जुळणं उरलंय, म्हणून इथे मराठी ‘विसंगत’. हृदय या टोकाला येईपर्यंत पार झिजून गेलं.

२१ जून

चित्र सुटलं, आणि ते चित्रवालीनेच सोडवलं. दोन माणसं पाठमोरी नाहीत, समोरासमोरच उभी आहेत, अगदी जवळ, फक्त दोघांच्या छातीतले दिवे कागदाच्या दोन टोकांना जाऊन लागलेत. मी काही बोललो नाही, अंगठा टाकला. ती म्हणाली एवढंच? मग अजून तीन टाकले.

पानाचा शेवटचा मजकूर, ताईंच्या कात्रीनंतरचा:

“डिस्कॉर्ड: (१) माणसांमधला बेबनाव, दुही. (२) दोन सुरांचा विसंवाद. (३) शास्त्रात, विसंगत रचना. लॅटिन दिस, म्हणजे दूर, आणि कोर, म्हणजे हृदय, यांवरून. फ्रेंचमार्गे १३ व्या शतकात इंग्रजीत. मूळ अर्थ मनं दुरावणं. यातली कॉर्ड तारेची नाही आणि दोरीचीही नाही. उलट शब्द कॉन्कॉर्ड, मराठीत एकदिली.”

गणगोतवालं वाक्य कापलं गेलंय. ‘यातली कॉर्ड तारेची नाही’ हे मी आग्रहाने ठेवून घेतलं.

भिडूने पान चढवलं. राहिलेली कामं: करेज हाताने जोडणे, दुसऱ्या ऑडिओच्या सुरुवातीला माझा खोकला आलाय तो काढणे, आणि चित्राच्या फाईलचं नाव अजून तुटलेली-तार-फायनल-३ असंच आहे, ते बदलणे.